झाशीचे ऊन आणि शाईचे पेन

मे महिन्यातली दुपार. झाशीत पारा ४५ अंशांच्या पुढे सरकलेला. किल्ल्याच्या दगडांची धग रस्त्यापर्यंत येते आहे, दुकानांची दारे अर्धी लोटलेली, घराघरांतून कूलरची घरघर. अशा वेळी बाहेर कोण पडणार? मग सुट्टीला आलेली नातवंडे कपाटे उपसायला घेतात. झाशीतल्या मराठी घरांच्या कपाटांत जुने अल्बम, पितळी ताम्हन, सत्यनारायणाची पोथी यांच्या जोडीने एक वस्तू हटकून सापडते. खालच्या खणात, रुमालात गुंडाळलेले, टोपण घट्ट बसलेले शाईचे पेन.

"आजोबा, हे चालतं का?"

"न चालायला काय झालं? भरलं की चालेल."

भरलं की चालेल! आजोबांच्या पिढीला ही गोष्ट पाण्याचा पेला भरण्याइतकी सोपी. रविवारी संध्याकाळी दप्तर आवरायचे, दौत काढायची, खाली जुने वर्तमानपत्र पसरायचे आणि आठवड्याची शाई भरायची. पण ज्या मुलांनी 'रिफिल' याखेरीज काही पाहिलेच नाही, त्यांना पेन 'भरतात' हेच मुळी नवल वाटते. कुठून भरायचे? किती? आणि भरलेले सांडत कसे नाही?

खरे तर हा शेवटचा प्रश्न फार चांगला आहे. ते सांडत का नाही हे ज्याला कळले, त्याला पेन कळले.

न सांडण्याची गंमत

पेनच्या टोकाला असते ती निब. तिच्या मधोमध एक बारीक चीर. निबेखाली काळी, खाचा असलेली पट्टी बसवलेली असते, तिला आपण जीभ म्हणतो. या जिभेतून एक अरुंद नाली टाकीपर्यंत जाते. नाली इतकी बारीक, की शाई तिच्यात आपोआप चढते आणि तिथेच धरून राहते. दिव्याची वात तेल ओढते, तसेच. कागदाला टोक टेकले की कागदाचे तंतू शाई ओढून घेतात. जेवढी शाई बाहेर गेली तेवढी हवा त्याच वाटेने आत शिरली पाहिजे, नाहीतर आत पोकळी होऊन शाई अडते. म्हणजे एकाच अरुंद बोळातून शाईने बाहेर यायचे आणि हवेने आत जायचे! जिभेवरच्या आडव्या खाचा कशासाठी, असे मुले विचारतात. जास्तीची शाई आली तर ती कागदावर न पडता या खाचांत थांबते.

हे जमवायला माणसाला बराच काळ लागला. पेत्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याने १८२७ मध्ये पॅरिसमध्ये शाईचा साठा असलेल्या लेखणीचे पेटंट घेतले. पण भरवशाचे पेन म्हणता येईल ते लुईस वॉटरमन यांचे. त्यांचे अमेरिकेतले पेटंट १८८४ चे. विम्याच्या कागदावर शाई सांडली, गिऱ्हाईक हातचे गेले आणि त्या रागातून पेन जन्मले, ही त्यांच्याबद्दलची गोष्ट सगळीकडे सांगतात. छान आहे, पण तिला कागदोपत्री आधार मिळालेला नाही. शाई आणि हवा दोन्हींसाठी नीट वाट ठेवली, हे त्यांचे खरे काम.

बोरूचे गाव

१८८४ हे साल झाशीच्या संदर्भात मोठे गमतीचे आहे. तिकडे न्यूयॉर्कमध्ये वॉटरमन पेटंटचे कागद करीत होते, त्याच सुमारास इकडे कोकणात, पेण तालुक्यातल्या वरसई गावी विष्णुभट गोडसे हे भिक्षुक आपली हकीकत लिहून काढत होते. १८५७ साली दक्षिणा मिळवायला ते उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये झाशीला इंग्रजांचा वेढा पडला, शहर पडले, तेव्हा ते तिथेच होते. पंचवीसेक वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी ते सारे मोडीत उतरवले. १९०७ साली ते 'माझा प्रवास' या नावाने छापले गेले. मूळ मोडी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

मोडी म्हणजे बोरू. हात न उचलता, ओळीवर ओळ धावत जाणारी ती लिपी. बोरूचे टोक तिरके कापलेले, त्यामुळे अक्षराला जाड-बारीक वळण आपोआप येई. चार अक्षरे झाली की बोरू पुन्हा दौतीत. शाई घरची. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात तासन्‌तास खलायची. जितकी खलाल तितकी ती तेजदार. काजळी म्हणजे शुद्ध कोळसा. तिला ऊन खात नाही, हवा खात नाही. म्हणून दोन-तीनशे वर्षांच्या पोथ्या आजही काळ्याभोर दिसतात. दुसरी शाई हिरडा किंवा मायफळ आणि हिराकस यांची. ती कागदात मुरते, पक्की होते, पण आम्लाचा अंश जास्त झाला तर वर्षांनी कागदच कुरतडते.

झाशीत अशा बोरूच्या लिखाणाला तोटा नव्हता. रघुनाथ हरी नेवाळकर सुभेदार म्हणून आले आणि त्यांच्या मागोमाग देशावरची आणि कोकणातली घरेही आली. दरबारात फारसी, घरात मराठी. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये मणिकर्णिकेचे लग्न लागून ती लक्ष्मीबाई झाली, ते मंदिर आजही झाशीतल्या मराठी माणसांच्या एकत्र येण्याची जागा आहे. गोडसे भटजींनी राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचेही वर्णन केले आहे. दूरदूरचे पंडित पोथ्यांच्या नकला मिळवायला तिथे येत. शहर पडल्यावर गोऱ्या शिपायांनी त्या संग्रहाची वाताहत केली. सोन्यानाण्याची लूट भटजी सांगतात, पण पोथ्यांबद्दल लिहिताना त्यांचा जीव तुटलेला जाणवतो. काजळीची शाई उन्हाला आणि काळाला पुरून उरते, आगीला नाही.

आणि तरी झाशीचे ते दिवस आज आपल्याला डोळ्यांनी पाहिल्यासारखे वाचता येतात, ते एका भिक्षुकाच्या बोरूमुळे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे राणीचे मराठी चरित्र १८९४ चे. झाशीतच वकिली करणाऱ्या वृंदावनलाल वर्मांची हिंदी कादंबरी १९४६ ची. भटजींनी त्या दोघांच्या आधीच लिहून ठेवले होते, फक्त छापून यायला उशीर झाला.

रेल्वेची शाई

झाशीत मराठी माणसे आली ती सगळी काही नेवाळकरांबरोबर नाही. दुसरी लाट आगगाडीने आणली. झाशी हे मोठे जंक्शन, रेल्वेचा कारखाना १८९५ पासूनचा. १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली आणि २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वेत जाईपर्यंत झाशी विभाग मुंबईच्या मुख्यालयाच्या अखत्यारीत राहिला. त्यामुळे दादर-कल्याणचा माणूस बदली होऊन झाशीला यायचा आणि 'दोन वर्षं काढू' म्हणता म्हणता मुलांची लग्ने इथेच लावायचा. स्टेशनचे नाव २०२१ च्या अखेरीस 'वीरांगना लक्ष्मीबाई' झाले, पण जुन्यांच्या तोंडी अजून नुसते झाशीच.

या रेल्वेने हिंदीलाही एक लेखणी दिली. महावीरप्रसाद द्विवेदी झाशीत रेल्वेच्या नोकरीत होते. १९०३ मध्ये त्यांनी 'सरस्वती' मासिकाचे संपादन हाती घेतले तेही झाशीतूनच. पुढे वरिष्ठांशी बिनसले आणि नोकरीवर पाणी सोडून ते पूर्णवेळ संपादक झाले. त्यांना मराठी उत्तम येई. लेखकांच्या हस्तलिखितांवर ते इतक्या दुरुस्त्या करीत, की मूळ ओळ शोधावी लागे. त्यांनी सुधारलेली पाने काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने जपून ठेवली आहेत. हिंदी गद्य घडवणारा हात आणि रेल्वेच्या कचेरीत राबणारा हात एकच होता.

पण शाईच्या पेनला सुरुंग लावला तोही अशाच कचेऱ्यांनी. कारण अगदी साधे, कार्बन पेपर! एका कागदाच्या तीन प्रती करायच्या तर जोर देऊन लिहावे लागते. शाईच्या पेनवर जोर दिला की निबेचे दोन पाय फाकतात आणि पेन कामातून जाते. म्हणून कचेरीत आधी कॉपिंग पेन्सिल होती, नंतर बॉलपेन आले. लादिस्लाओ बिरो यांनी बॉलपेनचे पेटंट १९३८ मध्ये घेतले होते. आपल्याकडे ते रुळायला वेळ लागला, कारण मास्तर आडवे आले. "बॉलपेनने अक्षर बिघडतं" हे वाक्य न ऐकलेला विद्यार्थी त्या काळात सापडणे कठीण. मास्तरांचे अगदीच चुकत नव्हते. बॉलपेन उभे धरून दाबावे लागते, शाईचे पेन तिरके धरून नुसते सोडावे लागते. दाबणाऱ्या हाताला वळण येत नाही.

दांडेकरांची शाई, मैत्रांची शाई

या पेनात भरायची शाई मात्र आपली स्वतःची असावी, ही ओढ स्वदेशीच्या दिवसांतली. मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी १९३१ मध्ये दांडेकर आणि कंपनी काढली. सुरुवात 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुडीने आणि वड्यांनी. वडी पाण्यात विरघळवायची की झाली शाई. नंतर आली फाउंटन पेनची 'कॅमल' शाई आणि तिच्यावरून पुढे 'कॅमलिन' हे नाव. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. बंगालमध्ये मैत्र बंधूंनी १९३४ मध्ये 'सुलेखा' सुरू केली. १९८० च्या दशकाअखेर ती बंद पडली आणि २००६ मध्ये पुन्हा उभी राहिली. पेनही देशी हवे म्हणून राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी धडपड केली. त्यांचे पेन वापरून पाहिल्याचे आणि ते बाजारातल्या परदेशी पेनांना चांगला पर्याय वाटत असल्याचे पत्र गांधीजींनी १६ जुलै १९३५ रोजी पाठवले, तेही आपल्या वर्ध्याहून.

झाशीपासून जवळचे पेनचे गाव म्हणजे कानपूर. तिथे निबा आणि पेने अजूनही तयार होतात. कंपन्यांचा माल आज घरबसल्या मागवता येतो, त्यामुळे दुकानातून हद्दपार झालेली दौत तरुण मुलांच्या टेबलांवर पुन्हा दिसू लागली आहे. हौस म्हणून का होईना.

उन्हाळ्यात पेन गळते का?

झाशीच्या उन्हाळ्याचा आणि पेनचा मात्र उभा दावा. पांढऱ्या शर्टाच्या खिशावरचा निळा डाग ही इथल्या जुन्या बाबूची ओळखच. त्याचे कारण शाईत नाही, हवेत आहे. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनमध्ये पोटच टाकी असते. समजा टाकी अर्धी झाली आणि दोन मिलीलीटर हवा आत आहे. कूलरसमोरच्या २७ अंशांतून आपण ४५ अंशांच्या उन्हात आलो, की ती हवा सुमारे सहा टक्क्यांनी फुगते. फुगलेली हवा तेवढी शाई पुढे ढकलते, म्हणजे दोन-अडीच थेंब. जिभेच्या खाचांत त्यातले काही मावतात, उरलेले खिशावर.

उपाय साधा आहे. उन्हाळ्यात पेन अर्धे रिकामे होऊ देऊ नये. टाकी भरलेली असली की फुगायला हवाच थोडी. खिशात निब वर राहील असे उभे लावावे. आणि उन्हातून आल्या आल्या टोपण काढू नये. आधी पाणी प्यावे, मग लिहावे.

उलट बाजूही आहे. कोरड्या हवेत टोपण उघडे राहिले की निबेवरची शाई पाहता पाहता सुकते. मग लोक पेन झटकतात, भिंतीवर आणि शेजाऱ्याच्या पाठीवर. झटकू नये. ओल्या फडक्याला निब टेकवली की शाई पुन्हा येते.

जुने पेन कसे उघडावे

आता रुमालात गुंडाळलेल्या त्या पेनकडे वळू. वर्षानुवर्षे पडून असलेल्या पेनची आतली शाई वाळून खडा झालेली असते. घाईने पिळले तर पेन तडकते. टोपण निघत नसेल तर वाटीभर साध्या पाण्यात टोकाकडून तासभर ठेवावे. कढत पाणी अजिबात नको. जुनी पेने एबोनाइटची किंवा सेल्युलॉइडची. पहिले गरम पाण्याने रंग टाकते, दुसरे वाकते. स्पिरिटही नको. टोपण निघाले की निबेचा भाग रात्रभर पाण्यात. सकाळी पाणी निळे झालेले दिसते, वीस वर्षांपूर्वीची शाई! ते ओतावे, नवे घ्यावे. तीन-चार पाणी बदलल्यावर ते स्वच्छ राहिले की वाट मोकळी झाली असे समजावे. नवे पेन असेल तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून एकदा धुवावे. कारखान्यातला तेलकटपणा जातो.

भरण्याचे तीन प्रकार. ड्रॉपरचे पेन असेल तर दांडा फिरवून उघडायचा, शाई काठाच्या थोडी खालपर्यंत घालायची आणि आट्यांना किंचित ग्रीज लावून घट्ट बसवायचे. पोटात रबरी नळी असेल तर निब पूर्ण बुडवून नळी दाबायची, सोडायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचे. इथेच सगळे घाई करतात आणि मग 'पेन अर्धेच भरते' अशी तक्रार करतात. नळी वाळून चिरली असेल तर बदलावी लागते. आणि फिरकीचे पेन असेल तर निब बुडवून फिरकी वर ओढायची. शेवटी दोन-तीन थेंब दौतीत परत सोडायचे, निब टीपकागदाने टिपायची. हे थेंब परत सोडणे महत्त्वाचे. त्याने जीभ थोडी रिकामी होते आणि पहिल्याच शब्दावर ढब्बा पडत नाही.

शाई कोणती? रोजच्या वहीला निळी धुऊन निघणारी चालते, पण पाणी पडले की अक्षरे जातात. जपून ठेवायच्या पत्राला काळी-निळी किंवा पाण्याने न जाणारी शाई बरी. चित्रकलेची काळी शाई मात्र पेनात कधीही घालू नये. तिच्यातली लाख आत सुकली की पेन गेलेच. बोरूची काजळीची शाईही नको, तिचे कण नालीत बसतात. ज्या शाईने दोनशे वर्षे टिकायचे ती या पेनात चालत नाही, आणि जी चालते ती तितकी टिकत नाही. हा व्यवहार पत्कारूनच पेन वापरायचे.

'ल' कोणता?

झाशीतल्या मराठी घरात या पेनला आणखी एक काम असायचे. गावाकडे पत्र लिहिण्याचे. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' या ओळीने सुरू होणारे, दोन्ही बाजूंनी भरलेले, उरलेल्या समासात आईने 'लोणच्याची बरणी पोचली' असे आडवे लिहिलेले पत्र. घरात मराठी, शाळेत हिंदी, कचेरीत इंग्रजी, अशा तीन भाषांत वाढणाऱ्या मुलांचा मराठी लिहिण्याशी संबंध एवढाच. लिपी एकच असल्याने मुलांना मराठी वाचता येते. पण लिहायला बसली की शाळा आणि घर वेगळे पडतात. हिंदीच्या शाळेत 'ळ' नाही. 'बाळ'चे 'बाल' होते, 'काळा'चा 'काला'. शाळेतला 'ल' आणि 'श' यांचे वळणही मराठी बालबोधीपेक्षा निराळे. पत्र उघडताच पुण्याच्या आत्याला कळायचे, हे वहिनीने नाही, मुलाने लिहिले आहे.

फोन आले, पत्रे थांबली. आता मोबाइलवर 'ळ' दाबला की येतो, आणि 'ल' दोन्ही भाषांत एकसारखाच उमटतो. मुलाने कुठे शिक्षण घेतले ते अक्षरावरून कळायची सोय उरली नाही. झाशीत मराठी बोलणारी तरुण मुले आजही भेटतात. सहज, सफाईने मराठी लिहिणारी कमी.

दुपारचे चार. कूलरमध्ये पाण्याची एक बादली ओतून झाली आहे. नातीने पेन चार वेळा धुतले आहे, दौत उघडली आहे, बोटे निळी करून घेतली आहेत. आजोबा वहीचे कोरे पान पुढे सरकवतात. नवीन शाई भरली की आधी काय लिहायचे, हे मराठी घरात सांगावे लागत नाही. पानाच्या माथ्यावर, मधोमध 'श्री'. पहिल्या वेळी नुसता ओरखडा उठतो. ती जोर द्यायला जाते.

"दाबू नकोस. तिरकं धर. नुसतं टेकव."

दुसऱ्या वेळी शाई उतरते. 'श्री' ओला, चमकणारा. त्याखाली ती आपले गाव लिहिते, मग आजोबांचे आडनाव. टीपकागद नाही, म्हणून वर्तमानपत्राचा कोपरा फाडून अलगद ठेवते. आजोबा चष्मा लावून पाहतात.

"आता 'बाळ' लिही बघू. आणि तो 'ल' नाही गं, 'ळ'. दोन पोटांचा."